ओढणीखालचा आवाज

नशीब या शब्दावर माझा पहिल्यापासून राग आहे. कुणाचं काही चांगलं झालं की आमच्या तांड्यातली माणसं "नशिबाची हाय पोट्टी" म्हणून मोकळी होतात, आणि नाही झालं तरी त्याच नशिबाच्या नावानं खडे फोडतात. मी अकरा वर्षं पहाटे पाचला उठून सूर लावला. नशीब एकदाही माझ्याबरोबर उठलं नाही. कोंबडा उठायचा, तोही माझ्यामागून.

मी उज्ज्वला आडे. दिग्रसपासून सात किलोमीटरवर आमचा तांडा आहे. सातवीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये माझं गाणं ऐकून नीळकंठ सरांनी मला शिकायला बोलावलं, तेव्हापासून मी त्यांच्याकडे जाते. सर तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. दिग्रसला त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक हार्मोनियम आणि एक सतरंजी, एवढाच क्लास. सुराच्या बाबतीत ते कुणाची गय करत नाहीत. भाजीवाल्याची हाक जरा उतरली तरी खिडकीतून त्याला "वर, वर घे" असं सांगतात. तो बिचारा टोपली वर घेतो.

या अकरा वर्षांत मी विशारद झाले आणि तीन ऑडिशनमध्ये पडले. दोनदा नागपूर, एकदा अमरावती. तिन्ही ठिकाणी उत्तर जवळपास एकच, 'आवाज तयार आहे, पण मागे काही उरत नाही.' मी मनात म्हटलं, तुमच्या कानांत मळ भरलाय, तिथं काय उरणार! पण दिग्रसच्या स्टँडवर उतरेपर्यंत माझी सगळी ऐट गळून पडलेली असायची.

आता बबिताबद्दल सांगते. बबिता माझी चुलत बहीण, माझ्याहून आठ महिन्यांनी लहान. एकाच अंगणात वाढलो आम्ही. तिचा गळा असा, की ती गुणगुणायला लागली की आमची म्हैस पान्हा चोरते. पण बाईला कशाचंच वाईट वाटत नाही. पुसदला मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेल्या लखनशी लग्न करायचं, हे तिनं दोन वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. मग हे स्थळ आपल्यालाच सुचलं असं दोन्ही घरांना वाटेपर्यंत ती साळसूदपणे बसून राहिली. फेब्रुवारीत लग्न लागलं. अख्ख्या मांडवात तिच्याइतकं खुश कुणी नव्हतं, आणि नेमकी तिथंच पंचाईत झाली.

आमच्यात नवरी सासरी निघताना ढावलो म्हणते. ढावलो म्हणजे रडत गायचं गाणं. नवरी एकेका माणसाच्या गळ्यात पडते आणि त्यानं आपल्यासाठी काय केलं, काय केलं नाही, आता आपलं कसं होणार, ते सगळं सुरात सांगते. शब्द तिथल्या तिथं जुळवायचे आणि रडणं थांबू द्यायचं नाही. पुष्कळ तांड्यांत आता डीजेनं ढावलो गिळून टाकलाय. आमच्याकडे तो टिकून आहे, कारण माझी आई बसंतीबाई, म्हणजे आमच्या बोलीत माझी याडी, अजून धडधाकट आहे. ती प्रत्येक नवरीला पंधरा दिवस आधीपासून शिकवणी देते. न रडता गेलेली नवरी तांड्याला बोलायला वर्षभर पुरते.

बबिता पंधरा दिवस शिकली. म्हणजे पंधरा दिवस हसली. निघायच्या वेळी तिनं वडलांच्या, फुलचंदकाकांच्या, गळ्यात हात टाकले, तोंड उघडलं आणि फिस्सकन हसली. काका दचकले. याडीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं माझा दंड धरला आणि कानात म्हणाली, "घूस ओढणीत. ती हालंल, तू रड." (घरात आम्ही गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलतो. तुम्हाला कळावं म्हणून वऱ्हाडीत सांगते आहे.)

नवरीची आरशांची ओढणी चांगली घोंगडीएवढी असते. मी करवली, पाठीशी उभीच होते. सरळ आत शिरले. आत काळोख, अत्तराचा घमघमाट, आणि बबिता गदागदा हसते आहे. बाहेरून ती गदागदा रडते आहे असं दिसत होतं, हे एक बरं झालं.

मी सूर धरला. "बापू, तू बाजारातून माझ्यासाठी जिलेबी आणायचास, आता ती पुडी कोण सोडणार," अशा अर्थाची ओळ मी लांबवली.

"जिलेबी नाई वं, शेव," बबिता कुजबुजली. "अन् थे बी रस्त्यातच खाऊन यायचा."

माझ्या सुराला उचकी बसली. मी दात आवळून पुढे गेले. ओढणीतून फक्त पाय दिसत होते, त्यामुळे चपलांवरून माणसं ओळखत होते. पुढच्या चपला आम्हा दोघींच्या थोरल्या प्रभावतीकाकूच्या. तिला मी सांगितलं, तू मांडीवर घेऊन माझ्या केसांना तेल लावायचीस.

"हिनं? हिनं तं उवा झाल्या म्हनून माही वेणी कापलती!"

पण आयुष्यात न लावलेलं तेल आठवून काकूनं असा हंबरडा फोडला की मागच्या चार बायाही सुरू झाल्या. मला जोर चढला. पुढे काळे, धुळीनं भरलेले बूट आले. मला वाटलं, अकोल्याचा मामा. मी दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकले आणि आवाज अगदी वरच्या पट्टीत नेला. मामा, तू मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीस, त्या खांद्याला आता विसरू कशी!

"उज्जू," बबिताचा श्वास कोंडला होता, "उज्जू, हा मांडववाला हाय!"

पुढचं विचारू नका. वरच्या सुरावर असताना माझं हसू फुटलं. सूर सोडायची सोय नव्हती, माम्या-आत्या सगळ्या कान लावून उभ्या. मी हसू त्या सुरातच कोंबलं. ते कधी थरथरत, कधी फुटत बाहेर पडत होतं, आणि बिचारा मांडववाला उत्तमसिंग दोरीचं भेंडोळं छातीशी धरून ढसाढसा रडत होता. असं त्याच्या गळ्यात पडून त्याला कुणी कधी मामा म्हटलं नव्हतं, असं तो नंतर म्हणाला.

हे सगळं बबिताच्या भावानं, संजयनं, मोबाइलवर घेतलं. 'माझ्या ताईचा ढावलो' असं लिहून इंटरनेटवर टाकलं. चौथ्या दिवशी ते नऊ लाख लोकांनी पाहिलं होतं.

मी रात्रंदिवस कॉमेंट वाचत बसले. काय ही तळमळ! काय हा आवाज! या मुलीला कुणी शिकवलं नसेल, हे देवाचं देणं आहे! हे वाचून तर मी मोबाइल गादीवर आपटला. जमिनीवर आपटला असता, पण हप्ते बाकी होते. नऊ लाख लोकांनी माझा आवाज ऐकला होता, आणि नऊ लाख लोक बबितावर खुश होते. तिकडे पुसदला बांगडीवाली तिला बसायला खुर्ची देत होती. शेजारणी सासूला म्हणत होत्या, सूनबाईला दोन ओळी म्हणायला सांगा की. बबितानं घसा बसल्याचं जाहीर केलं आणि सासूच्या हातचं हळदीचं दूध दोन महिने प्यायली. चांगली गोल झाली.

मी खरं सांगितलं नाही असं नाही. पण तांड्यात सांगायची सोय नव्हती, नवरी रडली नाही हे उघड झालं असतं. आणि बाहेर सांगितलं तर काय होतं, ते मला सरांकडे कळलं.

एका संध्याकाळी मी क्लासला गेले, तर सरांनी हार्मोनियम बंदच ठेवली. मोबाइल समोर धरला. "डोळे मिटून ऐक," म्हणाले. "पुसदकडे दिलेली कुणी मुलगी आहे." आणि लावला माझाच ढावलो. मांडववाल्यापाशी सरांचे स्वतःचे डोळे भरले. "याला गाणं म्हणतात, उज्ज्वला. अकरा वर्षांत मी तुला जे देऊ शकलो नाही, ते हिच्याजवळ उपजत आहे. नशीब असतं एकेकाचं."

"सर, ते मीच गायलंय."

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे फार दुःखानं पाहिलं. "मत्सर माणसाला कुठवर नेतो, बघ," ते म्हणाले. "यमन काढ."

मी यमन काढला. इतक्या रागात यमन कुणी गायला नसेल.

एप्रिलच्या सुरुवातीला बबिताचा फोन आला. ती आधी पाच मिनिटं नुसती हसली.

"उज्जू, यवतमाळहून फोन आलता. क्षितिज नावाचा हाय कोनी, पिक्चरचे गाणे बनवते. त्याले ढावलो पाह्यजे, तोच आवाज. शनिवारी बोलावलं हाय. मी हो म्हनून टाकलं."

"तू हो म्हणून टाकलं? तुले गाता येते का वं?"

"मले कायले येईन? तुले येते ना! मी पत्ता घेतला, तू गाय. काहून चिडून राह्यली?"

आता यावर काय चिडायचं. पिक्चर खरा होता, गाणंही खरं होतं. ज्या दारावर मी तीनदा डोकं आपटलं होतं ते दार एका बेसूर पोरीनं हळदीचं दूध पिता पिता उघडलं होतं. मी सरांकडे गेले आणि म्हटलं, "सर, शनिवारी यवतमाळला चला. तिथं तुमच्या कानानं ऐका." सर लगेच तयार झाले. शिष्येचं खोटं उघडं पडताना गुरूनं हजर असावं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

सायकलच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर क्षितिजचा स्टुडिओ होता. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, दाराला रजई. बाहेर त्रेचाळीस डिग्री, आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की कूलर बंद करावा लागायचा, कारण तो माइकमध्ये घरघरतो. क्षितिज तिशीचा असेल, दाढीवाला, यवतमाळचाच. बबिता दिसताच तो हात जोडून उभा राहिला.

"ताई, तुमचा तो ढावलो मी शंभर वेळा ऐकलाय."

"मी नाई, हे गायली," बबितानं मला पुढे ढकललं.

"लाजू नका हो ताई."

"अहो, खरंच नाई ना! ऐका मंग." आणि बबितानं माइकसमोर जाऊन एक ओळ म्हटली. क्षितिजनं कानावरचे हेडफोन हळूच, गरम भांडं उतरवावं तसे उतरवले. सरांनी डोळे मिटून भिंतीला हात टेकला. यानंतर माझी पाळी आली.

मी गायले. खोटं कशाला बोलू, सुंदर गायले. एकही जागा चुकली नाही. संपल्यावर क्षितिजनं कूलर लावला आणि बराच वेळ पाणी प्यायला.

"आवाज तयार आहे, ताई. पण ही ती नाही." तो अगदी अवघडून बोलत होता. "मला आज गाणं पुण्याला पाठवायचंय. चारपर्यंत झालं नाही, तर नागपूरच्या एक मॅडम आहेत, त्यांना फोन करावा लागेल. तुम्ही दोघी मला त्या तिसरीचं नाव सांगा ना."

मागे बसलेल्या सरांनी एक लांब उसासा सोडला. त्या उसाशानं माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"लावा तो व्हिडिओ," मी म्हटलं. "मोठ्या स्पीकरवर लावा."

त्यानं लावला. आजवर मी तो मोबाइलच्या एवढ्याशा आवाजात ऐकला होता, तोही कॉमेंट वाचत. त्या खोलीत तो पहिल्यांदा पूर्ण ऐकला, आणि माझ्याच अंगावर काटा आला. शेवेपाशी उचकी. वेणीपाशी थरथर. मांडववाल्यापाशी तर आवाज फुटून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि तरी तो वर चालला होता. लोक ज्याला हुंदका म्हणत होते ते माझं हसू होतं.

मी सगळं सांगितलं. शेव, वेणी, बूट, उत्तमसिंग. क्षितिज हसता हसता खुर्चीवरून खाली बसला. सर हसले नाहीत. ते उठून स्पीकरपाशी गेले, "परत लावा" म्हणाले, पुन्हा एकदा "परत" म्हणाले, आणि तिसऱ्या वेळी स्पीकरबरोबर स्वतः हलका षड्ज धरून उभे राहिले.

"इथं हसतेस तू," ते म्हणाले. "श्वास फुटलाय. पण पंचम हललेला नाही. हसताना पंचम हलत नाही, याला अकरा वर्षं लागतात. हा गळा माझ्या हातचा आहे." मग जरा चिडूनच म्हणाले, "हसू मात्र मी शिकवलेलं नाही."

अकरा वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. मला तिथल्या तिथं नाचावंसं वाटलं. पण क्षितिज घड्याळाकडे बोट दाखवत होता. साडेबारा वाजले होते.

"झालं तर मग," तो म्हणाला. "पुन्हा तसंच गा. हसा."

जगात यापेक्षा अवघड काम नाही. बबितानं गुदगुल्या केल्या, मी किंचाळले. तिनं शेवेची गोष्ट पुन्हा सांगितली, माझ्याकडून खोटं खोटं हॅ हॅ झालं. तिनं सासूची नक्कल केली, लखनच्या घोरण्याची केली, त्यावर क्षितिज हसला आणि टेक वाया गेला. मधेच लाइट गेली आणि पाऊण तास आली नाही. आम्ही तिघं रजईच्या दाराआड घामानं निथळत बसलो, सर बाहेर जिन्यात रुमालानं वारा घेत. लाइट आल्यावर मी आणखी सहा वेळा गायले. सहाही वेळा सूर चोख आणि हसू नकली. साडेतीन वाजले तेव्हा क्षितिजनं नागपूरच्या मॅडमचा नंबर काढून मोबाइल टेबलावर उताणा ठेवला. मुद्दाम नसेल, पण मला तो दिसला.

एवढं जवळ येऊन गाणं हातचं जाणार होतं. आणि यावेळी ऐकणाऱ्याच्या कानांत मळ आहे असंही मला म्हणता येत नव्हतं.

"ओढणी कुठाय?" मी बबिताला विचारलं.

तिनं लग्नाची ओढणी आणली होतीच. पिशवीतून काढली आणि आम्हा दोघींवर टाकली. माइक आत घेतला. कूलर बंद झाला. आत पुन्हा तोच काळोख, यावेळी अत्तराऐवजी घामाचा वास. बबिता हसवायच्या तयारीत माझ्याकडे बघत होती. तिचं ते गोल, सुखी तोंड पाहून मला हसू येईना. माझा संतापच झाला. दोन महिन्यांचा साठलेला.

ढावलोत तक्रार चालते. म्हणून मी तिच्याच गळ्यात पडले आणि तक्रार सुरू केली. बाई ग, तू माझा आवाज घेऊन गेलीस. माझी हिरवी ओढणी नेलीस, माझा कंगवा नेलास, न विचारता नेलास. नऊ लाख लोक माझे होते, तू तिकडे बसून त्यांचं दूध प्यायलीस. मी हे ठसक्यात सुरू केलं, पण शब्द तिथल्या तिथं जुळवायचे म्हटलं की ते आपल्या मर्जीनं येतात. पहाटे पाचला मी सूर लावायची, तेव्हा पलीकडच्या खाटेवरून तू मला शिव्या द्यायचीस. आता शिव्या द्यायला कुणी नाही. आता मी पाचला उठते आणि खाटेकडे बघत बसते. बाई ग, त्या खाटेवर आता ज्वारीची पोती ठेवली आहेत.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मलाच ते तेव्हा कळलं.

आणि बबिता रडायला लागली. साधंसुधं नाही. जी पोरगी आपल्या लग्नात ओढणीखाली हसत उभी होती, तिनं त्या गादीबंद खोलीत असा भोकाड पसरला की माझ्या कानठळ्या बसल्या. म्हैस हंबरावी तसा आवाज, त्यात सूर औषधालाही नाही. नाक माझ्या खांद्याला पुसत होती. "पोते काहून ठेवले वं माह्या खाटेवर," एवढंच मधे मधे ऐकू येत होतं. ते ऐकून माझ्या पोटातून जे हसू उठलं, ते काही केल्या आवरेना. मी वरच्या सुरावर होते. सूर सुटला नाही. हसू त्याच्यातून फुटत, सांडत, उड्या मारत गेलं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि खाली बबिताचं हंबरणं चालूच. चार मिनिटं. कधी संपलं ते कळलं नाही.

ओढणी काढली तर समोर क्षितिज दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता. त्याच्या मागे सर. सरांनी त्या उकाड्यात कोटाची बटणं वरपर्यंत लावली होती, मैफलीला जाताना लावतात तशी.

"झालं," क्षितिज म्हणाला. "हेच. हेच पाहिजे."

"तिचं रडणं काढता येईल का?" मी विचारलं.

"एकाच माइकमध्ये आहे. नाही निघायचं." मग तो हसला. "आणि काढणार पण नाही."

त्यानं नागपूरचा नंबर बंद केला आणि कागदावर माझं पूर्ण नाव लिहून घेतलं. जोडाक्षर चुकू नये म्हणून सरांनी वाकून तपासलं. हे सगळं नशिबानं झालं की माझ्या गळ्यानं, यावर मी जिन्यात सरांशी भांडायला सुरुवात केली. सर म्हणाले, आधी लिंबू सरबत पिऊ. तीन तीन ग्लास प्यायलो. मी हातगाडीवाल्याला, त्याच्या बायकोला आणि तिथं उभ्या असलेल्या एका पोस्टमनला सांगितलं की मी पिक्चरमध्ये गायले. पोस्टमननं माझं अभिनंदन केलं.

पुसदची बस दिग्रसवरूनच जाते, म्हणून तिघंही एकाच बसमध्ये बसलो. बबिता अजून रडत होती. यवतमाळ सुटलं, दारव्हा आलं, तरी थांबेना. बसमधल्या बाया वाकून वाकून विचारू लागल्या, नवी नवरी काय? पहिल्यांदा चालली काय सासरी? एकीनं तिला पेरू दिला. कंडक्टरनं मला दटावलं, "अवं बाई, तुमची बहीण रडून राह्यली अन् तुम्ही हासता काय?" मी आणखीनच हसले. मी गायले होते, ते घेतलं गेलं होतं, आणि त्यावर माझं नाव लागणार होतं.

दिग्रस जवळ आलं तसं बबितानं पेरू अर्धा खाऊन माझ्या हातात दिला. तोंड पुसलं.

"उज्जू," ती म्हणाली, "मी गेली तवा तू रडलीच नाई."

"रडले की. नऊ लाख लोकांनी पाह्यलं."

"थे तं तू गात होती. मी म्हनते, रडली नाई."

तेवढ्यात स्टँड आलं. सर पिशवी सांभाळत उतरले, त्यांच्यामागून मी. बस थांबलीच कुठं धड, घंटी वाजली आणि निघाली. बबितानं खिडकीतून कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं. कंडक्टर आतून ओरडत होता.

"मी चालली वं! काहीतरी म्हन ना! इतकी मोठी गायिका ना तू, म्हन ना काहीतरी!"

बसमधल्या सगळ्या बाया काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होत्या. मी श्वास भरला, पोटातून, सरांनी शिकवला तसा. सा लागेना. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज बाहेरच पडला नाही. मी अर्धा पेरू हातात धरून दिग्रसच्या स्टँडवर उभी राहिले आणि बस पुसदच्या रस्त्याला लागेपर्यंत नुसती रडले.